उलट्या झुडपाचे तीनशे शर्ट

तीर्थस्वरूप आत्या,

वाया गेलेल्या भाच्याचा वाकून नमस्कार. (खरंच वाकलो. पेन पलंगाखाली गेलं होतं.) तुझा गुडघा कसा आहे, उजवा कान आणखी किती गेला आणि शेजारची बाई अजून तुझ्याच दोरीवर तिचे कपडे वाळत घालते का, ते सविस्तर कळव. मी बरा आहे. म्हणजे हातपाय बरे आहेत. डोक्याचं विचारशील तर त्यावर आत्ता चहाचं आधण ठेवता येईल.

तुझं पत्र येऊन चार महिने झाले. रोज लिहायचं ठरवत होतो असं लिहिणार होतो, पण ते वाचताना तू जो चेहरा करशील तो मला इथून दिसतो, म्हणून खरं सांगतो, टाळत होतो. तू तीन प्रश्न विचारले होतेस. पहिला, वजन किती. दुसरा, काम पक्कं आहे का. हे दोन प्रश्न सगळेच विचारतात, त्यांची उत्तरं तोंडपाठ आहेत. तिसरा प्रश्न मात्र तू असा विचारलास की मी पत्र घडी करून बुटाच्या खोक्यात ठेवून दिलं: ‘तो गोंगाट अजून ऐकतोस का, आणि ऐकत असलास तर त्यात नक्की काय ऐकतोस?’ हा प्रश्न मला आजवर शंभर जणांनी विचारलाय, पण उत्तर ऐकायचं म्हणून विचारणारी तू पहिलीच. त्यामुळे पंचाईत झाली. लोक टोमणा मारतात तेव्हा उलटा टोमणा मारता येतो. कोणी खरंच विचारलं की विचार करावा लागतो, आणि शाळा मी नेमकी त्याच्या आधी सोडली.

आज मंगळवार. कारखान्यातलं शर्ट सुकवायचं यंत्र बंद पडलंय म्हणून बाईंनी सुट्टी दिलीय, आणि मी इतका संतापलोय की भिंतीशी बोलण्यापेक्षा तुला लिहिणं बरं. थोडक्यात आधीच सांगून टाकतो, म्हणजे तुला पानं उलटून शेवट बघावा लागणार नाही (तू बघतेस, मला माहीत आहे). या शुक्रवारी नाही, पुढच्या शुक्रवारी सकाळी सात वाजता एक पांढरी व्हॅन इथून निघणार आहे. तीन महिने ती गावोगाव फिरणार, आणि ज्या बँडसाठी मी पंधराव्या वर्षापासून जीव टाकतोय तो बँड तिच्यात असणार. त्या व्हॅनमध्ये माझी एक जागा होती. मागच्या बाजूला, दोन स्पीकरच्या मधे, पाय पोटाशी घेऊन बसायची. परवा रविवारी दुपारी ती जागा मी स्वतःच्या तोंडाने घालवली.

आता सुरुवातीपासून. मी शर्टांवर चित्रं छापतो. गाड्या धुवायचं काम, रोपवाटिकेतलं काम आणि गोठवलेल्या माशांच्या गोदामातलं काम (तिथे माझ्या पापण्यांवर बर्फ जमायचा) या सगळ्यांपेक्षा हे मला जास्त मानवलं, दोन वर्षं टिकलो. पद्धत अशी: लाकडी चौकटीवर बारीक जाळी ताणलेली असते, तिच्यात चित्राच्या जागी भोकं मोकळी आणि बाकी बंद. खाली शर्ट, वर जाळी, जाळीवर शाई ओतायची आणि रबराची पट्टी दाबून ओढायची. झालं. नळदुरुस्तीवाले, धावण्याचे क्लब, एका पाळणाघराचे इवलेइवले शर्ट, सगळं आम्हीच करतो. मालकीणबाई पन्नाशीच्या पुढच्या, चष्मा नेहमी केसांत, आणि त्यांचा एक नियम आहे, छापलेलं कधी वाचायचं नाही. वाचलं की माणूस मजकुरात गुंततो आणि कडा बघायचं विसरतो. त्या फक्त कडा बघतात. कड स्वच्छ आली की शर्ट पास, मग त्यावर शिव्या का लिहिलेल्या असेनात.

आता मुख्य तांत्रिक मुद्दा, नीट वाच, कारण याच्यावर सगळं उभं आहे. शर्ट फळीवर चढवताना कमरेच्या बाजूने ओढून घालतात, त्यामुळे गळा येतो आपल्या पोटापाशी. म्हणजे छापणाऱ्याला प्रत्येक गोष्ट उलटी दिसते. डोकं खाली, पाय वर. दोन वर्षं मी अख्खं जग असं बघितलंय, आणि आमच्या धंद्यात तेच बरोबर. उभ्या जागेवरून एखादी गोष्ट सुलटी, छान वाचता आली की समजायचं, माती खाल्ली.

बँडचं नाव मी लिहीत नाही. लिहून उपयोगही नाही, कारण ते वाचायचं नसतं. या प्रकारच्या संगीतात ही रीतच आहे, बँडचा लोगो वाचता येता कामा नये. जितका कडक बँड तितका लोगो जंगली. काहींचा पाण्यात पडलेल्या कोळ्यासारखा, काहींचा न्हाणीच्या जाळीत अडकलेल्या केसांसारखा, आमच्यांचा वाळलेल्या झुडपासारखा. तीन मुळं खाली जातात, एक वाकडी फांदी वर जाते, आणि मधल्या काटेरी गुंत्यात नऊ अक्षरं आहेत. ती सापडायला मला आठ महिने लागले होते. शेवटचं अक्षर सापडलं त्या दिवशी तुझ्या स्वयंपाकघरात मी किंचाळलो होतो आणि तू पाल आली समजून झाडू आणलास, तोच तो दिवस.

नक्की काय ऐकतो, यावर आता येतो. बाहेरून सगळं सारखंच वाटतं हे मला मान्य आहे. पण आतमध्ये इतके पंथ, उपपंथ आणि भाऊबंदकी आहे की जमिनीच्या वाटण्या बऱ्या. एक जात आहे मंद वाजवणाऱ्यांची. त्यांच्यातल्या एका बँडचं गाणं चाळीस मिनिटांचं आहे. मी ते लावून झोपलो, उठलो, तोंड धुतलं, तरी तोच सूर चालू होता. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, वेळ नाही. दुसरी जात घाईवाल्यांची, अकरा मिनिटांत सतरा गाणी. त्यांच्या कार्यक्रमाला मी एकदा चपलेचा पट्टा नीट करायला वाकलो आणि वर बघतो तर ते सामान आवरत होते. तिसरे ते चेहऱ्याला पांढरं फासून जंगलात फोटो काढणारे. फोटो छान, गाणी सर्दी झाल्यासारखी. चौथे म्हणजे निव्वळ आतडी, जठर आणि चिरफाड यांवरच गाणारे. त्यांचा गायक मला एकदा दवाखान्यात भेटला, बोटातून रक्त काढायचं म्हणून बाकावर आडवा पडला होता आणि त्याची आई त्याला वारा घालत होती.

आणि मग आमचे चौघं. गाणारा लहान मुलांच्या शाळेत शिकवतो, म्हणून सगळे त्याला मास्तर म्हणतात. दिवसभर पोरांची नाकं पुसतो आणि संध्याकाळी घशातून असा आवाज काढतो की पाइपात रेडा अडकलाय. गिटारवाला वायरमन आहे, स्वतःला फार समजतो. मागे ढोल बडवणारा बेकरीत काम करतो, त्याला बेकरच म्हणतात. चौथा कोण ते कोणालाच आठवत नाही, त्याच्या आईलासुद्धा नसावं.

यांचा पहिला अल्बम म्हणजे माझ्यासाठी शेवटचा शब्द. तो बेकरीच्या पिठाच्या खोलीत रेकॉर्ड केला. एकतीस मिनिटं. पाचव्या गाण्यात मधेच बाहेर मालाची गाडी आल्याची घंटा ऐकू येते, ती त्यांनी काढली नाही. लोक म्हणतात आवाज वाईट आहे. आवाज वाईट नाही, खोली लहान आहे, आणि चार माणसं कोंडून घेतल्यावर जे होतं ते तिथे होतं. दुसरा अल्बम थोरामोठ्यांनी डोक्यावर घेतला. गाणी लांब, विषय गहन, आणि सहाव्या गाण्यात बासरी. आत्या, बासरी. मी ती तीन वर्षं सहन केली. तिसऱ्या अल्बमवर मात्र माझ्याशी कोणी बोलायला येऊ नये. यांनी बेकरच्या ढोलाचे ठोके कॉम्प्युटरवर नेऊन सरळ केले. एकूण एक. मोठा ढोल तो दोन्ही पायांनी पेडल दाबून वाजवतो, आणि त्याचा डावा पाय उजव्यापेक्षा केसभर उशिरा पडतो, पहिल्यापासून. तो केसभर उशीर म्हणजेच तो बँड! ते सुधारणं म्हणजे माणसाचा लंगडा पाय बरा करायचा म्हणून त्याला खुर्चीत बसवणं.

तुला आठवतं का, मी तुझ्याकडे राहायला होतो तेव्हा पहिला अल्बम लावला होता? तू मटार सोलत होतीस. एकतीस वर्षं यंत्रमागांवर काम केलेलीस तू, गोंगाटाला घाबरणारी नव्हेस. अख्खा ऐकलास. मग म्हणालीस, ‘हा मागे बसून बडवणारा मनापासून काम करतोय. बाकीच्यांना घरी जायची घाई आहे.’ इतकी नेमकी समीक्षा मी कुठल्याही मासिकात वाचलेली नाही. वाचणारही नाही, कारण ती लिहिणारे सगळे बासरीवाले.

तर दीड महिन्यापूर्वी मास्तर आमच्या कारखान्यात आला. व्हॅन घेऊन फिरणार, नवा चौथा अल्बम येणार, तीनशे शर्ट हवेत, पाठीवर मोठा लोगो. माझ्या अंगात त्यांचाच जुना शर्ट होता, काखेत उसवलेला. त्याने माझ्या पाठीकडे बघितलं आणि म्हणाला, तीन महिने मोकळा आहेस का, सामान उचलायला आणि शर्ट विकायला माणूस लागेल. मी हो म्हणालो की नाही ते आठवत नाही, बाई म्हणतात मी त्यांच्या टेबलावर बसलो आणि शर्ट फळीला चिकटवायची खळ सांडली. जाताना त्याने नव्या अल्बमची डिस्क पण दिली, दुकानात यायच्या आधीच.

त्याच आठवड्यात मी ते तीनशे शर्ट छापले. एकट्याने, कोणाला हात लावू दिला नाही. पहिला शर्ट फळीवर घातला, पट्टी ओढली, चौकट उचलली, आणि खाली तो लोगो असा माझ्याकडे बघत होता, मुळं खाली, फांदी वर, नऊच्या नऊ अक्षरं लख्ख. मला भरून आलं. मी तिथे उभा राहून ते नाव वाचलं, आत्या. उभ्या जागेवरून! सुलटं! आणि मला काही म्हणजे काही खटकलं नाही. प्रेमात माणूस आंधळा होतो म्हणतात, मला नको तितकं स्वच्छ दिसत होतं. मग मी त्याच आनंदात आणखी दोनशे नव्याण्णव छापले. बाईंनी कडा बघितल्या. कडा उत्तम.

कळलं ते परवा रविवारी. जुन्या डिस्कांच्या एका दुकानात नव्या अल्बमसाठी दुपारी सगळे जमले होते. साठ-सत्तर लोक, त्यातल्या निम्म्यांच्या अंगात नवे शर्ट. मी माझा जुनाच घालून गेलो होतो, निष्ठा म्हणून. एक भलामोठा मनुष्य माझ्यासमोर बुटाची नाडी बांधायला वाकला, आणि त्याची पाठ माझ्या डोळ्यांसमोर आली. गळ्याकडची बाजू माझ्याकडे. आणि मला लोगो वाचता आला. दोन वर्षांच्या सवयीने हात कपाळावर आधी गेला, कारण मागून कळलं. तो माणूस सरळ झाला आणि लोगो उलटा झाला. मी आजूबाजूला बघितलं. तीस-पस्तीस पाठी, सगळ्या झुडपांची मुळं आभाळाकडे.

इथपर्यंत चूक माझी, कबूल. मी कोणाला तरी शोधून सांगणारच होतो. पण तेवढ्यात मागून कोणीतरी माझ्या पाठीवर टिचकी मारली. गळ्यात साखळी, हनुवटीवर चार केस, वय माझ्याहून लहान. तो त्याच्या मित्राला म्हणाला, ‘हे बघ, हा उलटा छापलाय. नकली माल.’ आणि मला विचारलं, फुटपाथवरून घेतलास का रे? आत्या, तो शर्ट माझ्या अंगात आठ वर्षं आहे. तो मी घेतला तेव्हा या चार केसांचा पत्ता नव्हता. मी म्हणालो, तुमचे उलटे आहेत. तो हसला. त्याचा मित्र हसला. नाडीवाला पण हसला. मी आवाज चढवला तसे आणखी चार जण बघायला आले आणि सगळ्यांनी आपापल्या पाठी एकमेकांना दाखवून बहुमताने ठरवलं की नकली मी.

मग मी वायरमनला ओढून आणलं. म्हटलं, बाबा, तुझा बँड, तुझं नाव, तूच सांग. त्याने एकदा माझी पाठ बघितली, एकदा चार केसवाल्याची. परत माझी. मग डोकं वाकडं करून बघितलं. त्याला कळेना! स्वतःचं नाव उलटं की सुलटं ते त्या माणसाला कळेना. मास्तर आला, त्याने हळू आवाजात मला विचारलं, ‘खालची बाजू नक्की कुठली?’ मी त्याला बोट लावून मुळं दाखवली. सगळं कबूल केलं, फळी, गळा, माझी चूक, सगळं. मला वाटलं आता हे चिडतील, आणि खरं सांगतो, मला ते हवं होतं. तर वायरमन म्हणाला, ‘असंच ठेवू. असंच भारी दिसतंय.’ आणि मास्तरने मान डोलावली. तीनशे शर्ट उलटे छापून मला शाबासकी मिळाली, आणि सुलटा घातला म्हणून मी नकली!

तेव्हा माझा तोल गेला. दुकानात त्याच वेळी नवा अल्बम चालू झाला होता. मी एका खोक्यावर चढलो आणि वीस मिनिटं बोललो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही, पण बरंच आठवतं. मुखपृष्ठावर मावळता सूर्य आहे, म्हटलं, सूर्य कसला छापता, तुमचाच बुडालाय. गाणी पाच-पाच मिनिटांची, मोजून मापून, शिंप्याने बेतल्यासारखी. तिसऱ्यात म्हणे ऑर्गन आहे. सातव्यात म्हणे मास्तर चक्क साध्या, सुरेल गळ्याने गातो, शब्द कळतात. म्हटलं, दाताच्या दवाखान्यात लोक तोंड उघडून पडलेले असतात तेव्हा लावायला हा अल्बम चांगला आहे. म्हटलं, ज्यांना आपलं नाव ओळखू येत नाही त्यांना आपला आवाज काय ओळखू येणार. तुम्ही चौघं पिठाच्या खोलीतून बाहेर पडलात त्याच दिवशी संपलात, आणि त्यानंतर जे वाजतंय ते सवय म्हणून.

मास्तर चिडलाही नाही. पोराने चित्रावर पाणी सांडल्यावर बघावं तसं त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, ‘मग व्हॅनमध्ये कशाला बसतोस?’

एवढंच. मी खोक्यावरून उतरलो. दारात बेकर उभा होता, बाहेरून ढोल आणत होता, दोन्ही हातांत सामान. त्याने सगळं ऐकलं असावं. माझ्यासाठी तो बाजूला सरकला, मी बाहेर पडलो.

काल सोमवारी बाईंना सगळं सांगितलं. म्हटलं निदान त्या तरी ओरडतील. त्यांनी केसांतला चष्मा डोळ्यांवर घेतला, एक शर्ट टेबलावर पसरला, फिरवला, परत फिरवला आणि म्हणाल्या, मला दोन्हीकडून झुडूपच दिसतंय, आणि कड बघ किती सुरेख आलीय. मग मला चहा दिला. आत्या, माणसाने एवढी मोठी चूक करायची आणि त्याच्यावर रागवायलासुद्धा कोणी नसावं? सगळा राग मलाच एकट्याला करावा लागतोय, दुकानाचा, बाईंच्या वाटचा, बँडच्या वाटचा. थकलो.

तर हे ऐकतो मी. तुझ्या प्रश्नाचं उत्तर यात कुठेतरी असेल, मला सापडलं नाही. वजन बासष्ट. काम पक्कं आहे, कारण मला काढून टाकायला कोणी तयार नाही. गुडघ्याला शेक देत जा. लहानांना पापे, मोठ्यांना काहीही सांगू नकोस.

तुझा,
काडी
(इथे सगळे मला याच नावाने ओळखतात. वजन वाचून कारण कळलं असेल.)

ता. क. (गुरुवार) पत्र टाकायचं राहिलं, तिकिटं नव्हती. एक गोष्ट वर लिहायची राहून गेली. राहून गेली म्हणजे लिहिली नाही. नवा अल्बम मी ऐकलेला नव्हता. मास्तरने डिस्क दिली होती, पण मी तिचं वेष्टन फोडलं नाही. आमच्यात पहिलं ऐकणं असं येताजाता करत नाहीत. जमिनीवर आडवं पडायचं, खिडकी बंद, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, मधे उठायचं नाही. मी चांगल्या दिवसाची वाट बघत ठेवून दिली होती. आणि दुकानात तो वाजत होता तेव्हा मी बोलत होतो. सूर्य मुखपृष्ठावर बघितला, मिनिटं मागे छापली होती ती वाचली, ऑर्गनचं कोणीतरी सांगितलं. काल वेष्टन फोडलं. चारदा ऐकला. ऑर्गन चाळीस सेकंदच आहे. वाईट आहे असं म्हणता येणार नाही. ऑर्गनबद्दल बोलतोय, अल्बमबद्दल नाही.

ता. क. २ (शनिवार) अल्बमबद्दल बोलतोय. एकोणीस वेळा झाला. चौथ्या गाण्यात सगळी वाद्यं थांबतात आणि बेकर एकटा उरतो, अर्धं मिनिट. यावेळी ठोके सरळ केलेले नाहीत. डावा पाय केसभर उशिरा पडतो, आहे तसा ठेवलाय. म्हणजे मी खोक्यावर चढून ज्याच्यासाठी ओरडत होतो ते त्यांनी माझ्या आधीच केलं होतं. ते माझ्या डोक्यावरच्या स्पीकरमधून वाजत होतं, आणि त्याच्यावर मी बोलत होतो.

म्हणून खरं काम सांगतो, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. सोबत डिस्क पाठवतोय. चांगल्या कानाने ऐक, चौथं गाणं दोनदा ऐक, आणि बुधवारपर्यंत कारखान्यात फोन करून सांग, मला जे वाटतंय ते खरं आहे की व्हॅनमधल्या जागेची हाव बोलतेय. माझ्या कानावर माझा आता भरवसा नाही. मास्तरला द्यायचं माफीपत्र लिहून ठेवलंय. सहा पानं झालीत, त्यातली चार तिसऱ्या अल्बमबद्दल आहेत. ती ठेवू की काढू, तेही सांग.

ता. क. ३ (रविवार, दुपार) पाकीट चिकटवलं होतं, ते फाडून हे लिहितोय. दार वाजलं म्हणून उघडलं तर बेकर. या खोलीचा पत्ता त्याला कोणी दिला कोण जाणे. तीन जिने चढून आलाय, कोपरापर्यंत पीठ, हातात पिशवी, पिशवीत कपडे. आठ वर्षांत हा माणूस माझ्याशी एक शब्द बोललेला नाही. पलंगावर बसला आणि म्हणाला, तू त्या खोक्यावर जे बोललास ते मला तिसऱ्या अल्बमपासून वाटत होतं, बोलायची हिंमत नव्हती. काल त्या तिघांना सांगितलं, मी येत नाही. खोलीचं भाडं मास्तर आणि मी मिळून भरत होतो, आता तिथे राहता येत नाही, म्हणून चार दिवस इथे पडू का?

म्हणजे व्हॅनमध्ये आता दोन जागा रिकाम्या आहेत, आणि त्यातली दुसरी रिकामी असली तर व्हॅनच निघत नाही.

मी विचारलं, नवा अल्बम ऐकलास का? म्हणाला, नाही. वाजवला आणि घरी गेलो, मागच्या वेळी ऐकून पस्तावलो होतो. मग माझ्याकडे बघून म्हणाला, ‘तू मनापासून बोललास ना?’

आत्या, मी जन्मभर हजार गोष्टींवर हजार मतं दिली, आजवर एकानेही मनावर घेतलं नव्हतं. मी चहा टाकतो म्हणून उठलो आणि हे लिहितोय. पाणी उकळून उकळून निम्मं झालं. त्याला काही सांगत बसत नाही. त्याला जमिनीवर आडवा करतो, खिडकी लावतो आणि तोंड बंद ठेवून शेजारी बसतो, चौथ्या गाण्यापर्यंत तरी.

पाकिटातून डिस्क काढून घेतली आहे. रागावू नकोस.